मिस्त्रींचा हात

“हात काढ.” गॅरेजवर आलेल्या प्रत्येकाशी मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच असायचं. किल्लीवरचा हात काढायला तुम्ही क्षणभर उशीर केलात, तर हातातला पाना थेट बोटांवर बसायचा. माझ्या मधल्या बोटाचं नख त्या पान्याने काळं पडलं, ते पुढे दोन महिने काळंच होतं.

चूक माझीच होती. बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी होती. विकवत नव्हती आणि चालूही होत नव्हती. शेवटी दोर बांधून ती नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत मिस्त्रींकडे नेली. ते येईपर्यंत मी आपला स्टार्टर मारत बसलो होतो.

“चार वर्षं उपाशी माणूस लाथा घालून उठतो का, मास्तर?” ते म्हणाले. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मास्तर. नाहीतर कलेक्टरलाही त्यांनी अरे-तुरेच केलं असतं.

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला वेगळाच माणूस दिसला. टाकीतलं जुनं पेट्रोल त्यांनी काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. चारही प्लग काढून आत तेलाचे चार-चार थेंब सोडले आणि पंखा हाताने हळूहळू फिरवला. तान्ह्या पोराला तेल लावताना बाया हात चालवतात, तसा त्यांचा हात चालत होता. पॉइंट घासले, ठिणगी निळी पडली. मग बाटलीतून नळीने पेट्रोल दिलं तेव्हा गाडी लगेच बोलली. नळी पुन्हा टाकीला जोडली की मुकी.

“बाटलीनं पितीय, ताटातलं खात नाय,” ते म्हणाले. “म्हणजे दोष हिच्यात नाय, वाढणाऱ्यात हाय.”

वाढणारा म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा पंप. त्याच्या आतलं रबर पापडासारखं कडक होऊन फाटलं होतं. तसं रबर कुठे मिळेना, म्हणून गाडी आठ दिवस तिथेच राहिली आणि मी रोज शाळा सुटली की जाऊन बसू लागलो.

तिसऱ्या दिवशी एकजण जुनी जीप घेऊन आला. मिस्त्री नको म्हणत असताना तो स्टार्टर मारतच राहिला. मिस्त्रींनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याचा पुढचा दात तुटून खाली पडला. मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढलं आणि आधी बॉनेटवरचं रक्त पुसलं. पत्रा चेपला नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. मग त्या माणसाला पाणी दिलं.

नंतर टपरीवर चहा पिताना आम्ही चार-पाच जण त्या रक्त पुसण्यावर पोट धरून हसलो. तुम्हीही तिथे असता तर हसला असता. असा तऱ्हेवाईक माणूस आपल्या ओळखीचा असावा, याचा आपल्याला अभिमानच वाटतो.

त्यांची बायको आमच्या गल्लीत सकाळी फुलांचे हार द्यायला यायची. बाई मूळची सटाण्याकडची. गॅरेजवर दुपारी डबाही तीच आणायची. सहाव्या दिवशी ती आली तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि एक डोळा सुजून मिटला होता.

“वहिनी, काय झालं?”

“न्हाणीत पडले.”

मिस्त्री तेव्हा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांवर फुंकर मारत होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “गाडीला किती हळू हात लावतात, बघा भाऊ.”

टपरीवरचं माझं हसणं मला आठवलं. तरी मी नुसता तिच्या हातातला डबा घेऊन बाकावर ठेवला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

आठव्या दिवशी पंपाचं रबर मिळालं आणि गाडी चालू झाली. मी ती घरी आणली. रविवारी सकाळी हारवाली दारात आली, पण हातात परडी नव्हती, पिशवी होती. “भाऊ, मला आईकडे सोडता का? बसस्टँडवर ते मला शोधतील.” मग गाडीकडे बघून म्हणाली, “सुरू होईल ना?”

किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. सटाण्यापर्यंत ती सारखी मागे वळून रस्ता बघत होती. तिच्या आईने लेकीचा हात पाहिला, डोळा पाहिला आणि आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, “आते नाशिकमा काय शे तुन्हं? बस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येऊन गाडी लावत होतो, तर मिस्त्री समोर उभे. तिला माझ्या गाडीत बसताना गल्लीतल्या कुणीतरी पाहिलं असणार. हातात टॉमी, चाकं खोलायचा लोखंडी दांडा.

“कुठं सोडलीस तिला?”

“तिच्या आईकडे.”

पहिला घाव पुढच्या काचेवर पडला. मग दोन्ही दिवे. इंजिन चालूच सोडून मी उतरून आडवा गेलो, तेव्हा टॉमी माझ्या खांद्यावर बसली आणि आत काहीतरी काडकन मोडल्याचं मला ऐकू आलं. मी खाली बसलो. ते पुढच्या जाळीवर घाव घालत राहिले. तोंडाने शिव्या चालू होत्या. तिला, मला, तिच्या आईला. शेजारीपाजारी गॅलरीतून ओरडत होते, खाली कोणी येत नव्हतं.

मग रेडिएटर फुटला. उकळतं पाणी भस्सकन बाहेर आलं. मिस्त्री थबकले. टॉमी टाकून ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे त्या भेगेवर दाबून धरले. बोटांमधून वाफ येत होती. कातडी सोलली तरी हात काढेनात. “अरे, पाणी आणा कुणीतरी. इंजिन जाम व्हईल,” ते म्हणत होते. पोलीस आले तेव्हाही ते तसेच बसलेले होते.

त्या दिवशी आम्ही शेवटचं बोललो. मी तक्रार दिली, कोर्टात साक्षही दिली. सुटल्यावर ते द्वारकेला परतले नाहीत. वहिनी सटाण्याला कांद्याच्या खळ्यावर कामाला जातात. त्यांनी मला कधी मिस्त्रींबद्दल विचारलं नाही.

त्या दुपारी त्यांना पोलिसांच्या गाडीत बसवलं, तेव्हा मी खांदा धरून शेजारीच उभा होतो. भाजलेले हात मांडीवर उताणे ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं.

“सटाण्याच्या वाटेवर बंद पडली का?”

“नाही.”

“चढावर गरम झाली?”

“नाही.”

त्यांनी समाधानाने मान हलवली. आता ते तिच्याबद्दल विचारतील म्हणून मी थांबलो. पोलिसाने दार लावलं.