आजी चार वेळा वारली

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना कणीक मळताना ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी आयुष्यात कधी विनोद ऐकलाय असं मी मानायला तयार नाही. लालबागहून सकाळी सातला दादरला आमच्या दारात हजर, आणि चपला काढतानाच बोलायला सुरुवात. चाळीतल्या नळावरचं भांडण सांगायचं तर पाचही बायकांचे आवाज मावशी एकट्याच काढत, मध्येच पिंपात पाणी पडल्याचाही. तव्यावरच्या पोळीवर त्यांची टिप्पणी चालूच असे. "ही बघा काकू, अगदी आमच्या घोवासारखी. कितीही तापवा, फुगणार नाही!" नवऱ्याचा विषय निघाला की त्या हमखास मालवणीत शिरत. कोणाच्या मयतीला गेल्या तर चाळकरी त्यांना हात जोडून मागे उभं करत. एकदा एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला, तो पालिकेच्या माणसाशी उंदरांवरून कसा भांडला होता, ते त्याच्याच आवाजात त्यांनी सांगितलं. सगळे दचकले. पहिली हसली ती त्याची विधवा, आणि मग दहा दिवसांत रडली नव्हती तशी मोकळी रडली.

त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने आईला न विचारता एका स्टँडअपच्या कार्यक्रमात तिचं नाव दिलं. दादरमध्येच, एका हॉटेलवरच्या छोट्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चारला. नवोदितांना प्रत्येकी सात मिनिटं. मावशी म्हणाल्या, "सात मिनिटांत तर माझी कणीकसुद्धा भिजत नाही." पण आम्हा नवरा-बायकोला मात्र आग्रहाने बोलावलं.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मावशींच्या आधी एक चुणचुणीत मुलगा आला. विषय काय, तर कामवाल्या बाया. "आमच्या बाईची आजी वर्षातून चार वेळा मरते!" हॉल हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मग मावशींच्या सुट्ट्या माझ्याआधी आठवल्या त्या बायकोला, आणि तिने माझा हात घट्ट धरला. भिंतीजवळ उभ्या मावशींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मुलीने वहीत लिहून दिलेले विनोद त्यांनी शांतपणे पर्समध्ये ठेवले.

माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "नमस्कार. ती चार वेळा मेलेली आजी माझी."

सगळ्या माना त्या मुलाकडे वळल्या.

"खरंच सांगते, माझी आजी माझ्या लग्नाच्या आधीच गेली. बिचारीला नंतर मी चार वेळा मारली. पहिल्यांदा काय झालं, मुलीला ताप होता. खरं तेच सांगून सुट्टी मागितली, तर काकू म्हणाल्या, 'गोळी दे आणि ये.' आता मेलेल्या आजीला गोळी देता येते काय? म्हणून आजीच मारायला लागले!"

हॉल हसून असा काही फुटला की तो मघाचा मुलगाच उभा राहून टाळ्या वाजवत होता. मावशींची सात मिनिटांची अकरा झाली, कुणी थांबवलं नाही. बायको मात्र मान खाली घालून बसली होती. ते वाक्य आमच्या स्वयंपाकघरातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातला मावशी आल्या, पण मुक्याने. पहिल्या चार पोळ्या कुठल्याही टिप्पणीविना झाल्या. मला वाटलं, हे काम गेलंच म्हणून त्यांनी मनाची तयारी केलेली असणार. शेवटी बायकोनेच विचारलं, "मावशी, मी खरंच म्हणाले होते, गोळी दे म्हणून?"

"हो काकू."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणालात, दोन दे. एक सकाळी, एक रात्री. म्हणजे उद्याही सुट्टी लागायची नाही."

बायको हसली. हसता हसता पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चुकलं माझं." मावशींनी लाटणं खाली ठेवलं. "काकू, असं बोलू नका हो. तुम्ही चांगल्या वागायला लागलात तर मी स्टेजवर काय सांगू?"

त्यानंतर मावशी थांबल्या नाहीत. दादर, ठाणे, मग पुणे. "पुण्यात लोक हसायच्या आधी विचार करतात, काका," हा त्यांचा अहवाल. नवरा आता कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसतो आणि स्वतःवरचे विनोद शेजाऱ्याला समजावून सांगतो. कार्यक्रम वाढले तशी त्यांनी एकेक घर सोडलं. आमचं सगळ्यात शेवटी. जाताना आपल्या जागी एक बाई देऊन गेल्या.

या नव्या बाई वेळेवर येतात. पोळ्या सुरेख करतात, मान वर न करता. एक शब्द बोलत नाहीत. त्या गेल्या की बायको विचारते, "झाल्या?" मी म्हणतो, "झाल्या." आणि आम्ही जेवायला बसतो.