टाकीची जागा

मोखाडा तालुक्यात ग्रामसेवक म्हणून मी नवाच होतो. पोशेऱ्यापलीकडच्या एका पाड्याला पाण्याची टाकी मंजूर झाली होती. जागा ठरवायला शाळेच्या ओट्यावर सभा घेतली. तीसेक माणसं आली. मी नकाशा उघडला आणि म्हणालो, "टाकी वरच्या कातळावर बांधायची. कोणाची हरकत?"

कोणी बोललं नाही. पुरुष जमिनीकडे बघत राहिले, बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी जरा थांबलो आणि इतिवृत्तात लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर. सह्या-अंगठे झाले. सभा लवकर आटोपली म्हणून मी खूशच होतो.

पंधरा दिवसांनी ठेकेदाराची माणसं काम न करताच परत आली. कातळावर बायका नागलीची, म्हणजे नाचणीची कणसं पसरून बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या. मी चिडूनच पाड्यावर गेलो. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर आजी काठीनं कणसं बडवत होती.

"आजी, सभेला तुम्ही होतात. तेव्हा हो म्हणालात, आणि आता हे काय?"

"हो कोण बोललं?"

"नाहीही कोणी म्हणालं नाही."

तिनं काठी बाजूला ठेवली. "तुमी ईचारलं कुठं? बांधायची, असं सांगलं. सायबानं सांगल्यावर काय बोलायचं? आमी गप बसलो. वाटलं, तुमाला कळंल."

अख्ख्या पाड्याची मळणी त्याच कातळावर व्हायची. आसपास दुसरी सपाट जागाच नव्हती. त्यांच्या लेखी ते इतकं उघड होतं, की माझ्यासारख्याला ते सांगावं लागेल असं कोणाच्या मनातही आलं नसावं. माझ्या कागदावर गप्प बसणं म्हणजे होकार. इथं तो नकार होता, तोही माझा मान राखून दिलेला. राग उतरला, लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सभा घेतली. नकाशा पिशवीतच ठेवला. "टाकी कुठं असावी?" एवढंच विचारून मी खाली बसलो. मग एक बाई बोलली, तिला दुसरीनं खोडलं, आणि दोन तास कोणी थांबेना. शेवटी शाळेमागचा उंचवटा ठरला. टोकाच्या दोन घरांना तो लांब पडत होता. त्यांचा विरोध मी लिहून घेतला.

तालुक्याला साहेबांनी विचारलं, "पहिला ठराव एकमताचा, मग हा का नाही?"

"तेव्हा मी एकटाच बोललो होतो, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. टाकी उन्हाळ्याआधी बांधून झाली. त्या दोन घरांपर्यंत पाइप न्यायला मात्र आणखी वर्ष गेलं.