हात लावल्याशिवाय

उस्मानपुऱ्यात मी दवाखाना टाकला तेव्हा डॉक्टरला काय येत नाही, हे विचारायची पद्धत नव्हती. मी बाळंतपणं केली, गळवं फोडली, पोरांचे निखळलेले खांदे बसवले, टायफॉइडच्या पेशंटला घरातच खिळ्याला बाटली टांगून सलाईन लावलं. एका घरी तर मुलीला आलेल्या स्थळाचा फोटो माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "डाक्टरसाब, पोरगा निरोगी दिसतो का?" फोटोवरून निदान करण्याइतका मोठा मी कधीच नव्हतो, पण मान डोलावली. संसार चांगला झाला. त्याचं श्रेय आजही मलाच मिळतं.

मग एकेक काम हातातून गेलं. बाळंतपणं प्रसूतिगृहात गेली, हाडं हाडांच्या डॉक्टरकडे, मुलं मुलांच्या डॉक्टरकडे. काही गेलं ते बरंच झालं. माझ्या हातून जाता जाता वाचलेली एक बाळंतीण आठवली की ते पटतं. पुढे ग्राहक कायदा डॉक्टरांनाही लागू झाला, खटल्यांच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या आणि आम्ही शहाणे झालो. छातीत दुखतंय म्हटलं की आपण हात घालायचा नाही, सरळ मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायची. घरी जाणं मी हळूहळू बंदच केलं. फोनवरून सांगायचं, उंटावरून शेळ्या हाकायच्या. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं. फक्त हे सगळं बदललंय, असं माझ्या पेशंटांना मी कधी बसवून सांगितलं नाही.

त्यांची जुनी रीत चालूच होती. घरात कोणी पडलं की आधी घरच्या डॉक्टरनं हात लावायचा, मग पुढचं. पुण्याला ऑपरेशनला निघालेला माणूससुद्धा माझ्या दारात गाडी थांबवून मनगट पुढे करायचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तो फोन सकाळी अकराच्या सुमारास आला. दोन गल्ल्या पलीकडच्या वहिनींचा. त्यांचे यजमान मूळचे दौलताबादकडचे, चिकलठाण्याच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा माझ्याच हातावर जन्मला होता.

"साहेब, यांच्या छातीत लई दुखायलंय. घाम सुटलाय. येता का?"

"मी येऊन उपयोग नाही, वहिनी. तिथं मशीन लागतं. लगेच रिक्षा करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करतो."

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी खरंच फोन केला. हृदयाच्या डॉक्टरला वय सांगितलं, लक्षणं सांगितली, खाट तयार ठेवा म्हटलं. मग पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. बाहेरचं बाकडं रिकामं होतं. पाऊण तासानं त्या डॉक्टरचा उलट फोन आला, "सर, तुमचा पेशंट आलाच नाही."

मी धावतच गेलो. पाच मिनिटंही लागली नाहीत.

ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलेले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, डॉक्टर येणार म्हणून बदललेला. मान एका बाजूला कललेली. वहिनी पदरानं वारा घालत होत्या. शेजारी स्टुलावर नवा टॉवेल, वेष्टन न काढलेला साबण, खाली माझे हात धुवायला गरम पाण्याची बादली. आजही फोन वाजला की आधी ती बादली दिसते मला.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "मघा रिक्षा आली होती, पण हेच म्हणले, साहेबांनी हात लावल्याबिगर कसं जावं? येतीलच ते."

मी मनगट धरलं. मग मान. मग पुन्हा मनगट, कारण वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि हात सोडला की मला बोलावं लागणार होतं. मी गेलो असतो तर मशीन नसतंच माझ्याजवळ. पण माझा हात लागला असता आणि ते उठून रिक्षात बसले असते. एवढंच काम होतं माझं, आणि तेवढंच मी हे आपलं काम नव्हे म्हणून टाकून दिलं होतं.

तेराव्यानंतर वहिनी रक्तदाब दाखवायला आल्या. मुलगा बरोबर होता. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. मी वहिनींच्या दंडाला पट्टा गुंडाळत होतो.

"याला म्हणलं मी, साहेबांना बोल लावू नको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात लई गर्दी असंल. न्हाय तर ते आले नसते का?"

मुलानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "गर्दी होती."