माधवराव रेफरी

फुटबॉलच्या मैदानावर माधवराव रेफरी असले की लोक चेंडू सोडून त्यांच्याकडेच बघत. खेळाडूंइतकेच ते धावत. कुणी हुज्जत घातली तर थांबून एवढंच म्हणत, "मी पाहिलों. सरी, खेळा." ते तंजावरचे मराठी. त्यांच्या बोलण्यात तमिळ अशी सहज मिसळायची, 'बरं'ला ते 'सरी' म्हणायचे आणि 'सगळं'ला 'अस्कं'. मी साताऱ्याहून नुकताच मद्रासला आलो होतो. शहराबाहेर आवडी गावाजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो आणि एकाच चाळीत शेजारीशेजारी राहत होतो. छप्पन-सत्तावन्नचा सुमार असेल.

एका सकाळी क्रेनवाल्याने नेहमीसारखी इशाऱ्याची शिट्टी मारली आणि त्याच क्षणी साखळी तुटली. लोखंडी साचा माधवरावांच्या डाव्या पायावर आला. दोन महिने ते इस्पितळात होते. भेटायला जावं तर तेच आम्हाला हसवत. "अस्कं बेस आहे," म्हणत. केवढा धीराचा माणूस, असं आम्ही परतताना बोलायचो.

पायाचं हाड जुळलं, ते काठी घेऊन चालू लागले आणि मग एके दिवशी आम्ही दोघं बसने मैलापूरला निघालो. कंडक्टरने तिकडच्या रीतीप्रमाणे घंटीऐवजी शिट्टी वाजवली. माधवरावांनी मला सीटवर दाबून धरलं आणि माझ्या डोक्यावर स्वतः आडवे पडले. बस थांबली, लोक हसले. ते घामाने निथळत होते. "पाय बरा झाला ना रे? मग हे आता का येतंय?" त्यांनी विचारलं. डॉक्टर तर फक्त पायच तपासत.

त्यानंतर त्यांनी बस सोडली. त्यांच्या घराची मैदानाकडची खिडकी बंद झाली. वर्षभराने दचकणं कमी झालं, तेव्हा मी सरस्वतीबाईंना, त्यांच्या पत्नीला म्हणालो, "सुधारले की." त्या म्हणाल्या, "आता घाबरत नाहीत, पण हसतही नाहीत. जेवलात का म्हटलं तरी अंगावर येतात. मला ती भीतीच बरी वाटत होती."

पण बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. एका संध्याकाळी त्यांनी बाजारातून शिट्टी आणली आणि माझ्यादेखत नवऱ्याच्या हातात ठेवली. "दुसऱ्याची शिट्टी अचानक येते," त्या म्हणाल्या. "ही तुम्ही वाजवाल तेव्हाच वाजेल."

आठवडाभर त्यांनी तिला हात लावला नाही. मग एकदा भिंतीपलीकडून पिपाणीइतका आवाज आला. दुसऱ्या दिवशी जरा मोठा. पुढे रोज पाच वाजता आमची अख्खी चाळ दणाणायची, आणि कुणीही तक्रार केली नाही. मग खिडकी उघडली. मग ते गोलामागे खुर्ची टाकून बसू लागले, पुढच्या वर्षी हातात लाइनमनचा झेंडा आला. मधे एक महिना सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर गेलं. कारखान्यात नवी क्रेन बसली तेव्हा. तरी ते परत आले.

आणि अपघातानंतर पाचव्या वर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत अंतिम सामन्याचा रेफरी तापाने पडला. माधवराव काठीसह मैदानात उतरले. तो सामना आठवला की अजून अंगावर काटा येतो. काठी टेकत, लंगडत, पण चेंडूपासून कधी दहा पावलांच्या पलीकडे नाहीत. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना आमच्याच कारखान्याच्या बचावपटूने गोलाजवळ चेंडूला हात लावला. हजार माणसं ओरडत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मग कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली आणि त्यांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. आम्ही हरलो. तरी सगळ्यांत जास्त मी नाचत होतो.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. सेंट्रल स्टेशनवर दोघं निरोपाला आले. गाडी सुटायच्या आधी मी धीर करून विचारलं, "आता ते सगळं गेलं ना?"

"कुठे जातं," माधवराव म्हणाले. "आधी राहायला यायचं. आता भेटायला येतं, घटकाभर बसतं, जातं."

सरस्वतीबाई म्हणाल्या, "आम्ही त्याला कॉफीसुद्धा विचारत नाही."