कळकलेली कढी

आंबट पदार्थ बिनकलईच्या पितळेत राहून बिघडला की तो कळकला म्हणतात. महालाजवळच्या आमच्या विणकर वस्तीत माग बंद ठेवून सभा भरली, त्या दिवशी पितळेच्या मोठ्या गंजातली कढी कळकली. पंगतीतली माणसं भिंतीला धरून ओकली. आमचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, दुपारीच माझ्याकडे आले. "कलईवाल्यानं कथलात शिसं मिसळलं. पत्रक लिही."

मी लिहिलं. पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले होते. छापलेलं खोटं फक्त मालकांचं असतं, असं मला वाटायचं. शिवाय कॉलेजात रसायनशास्त्र होतं. 'गरिबाच्या ताटात विष' हा मथळा सुचल्यावर मी स्वतःवर खूश झाले. गंज मात्र पाहिलाही नाही.

दोन दिवसांनी कलईवाले मामाजी दारात उभे. हातात माझं पत्रक, सभेच्या जागेवरून उचलून सायकलला बांधलेला तोच गंज.

"काहून लिवलं वं असं? मले वाचता नाही येत, पण लोकं वाचून दाखवून राहिले. भट्टीवर एक भांडं नाही आलं."

"शिसं होतं म्हणून..."

"कुठं हाये शिसं? आत पाह्य. नवसागर टाकून कथील फिरवलं का भांडं चांदीवानी पांढरं होते. शिसं असलं त बोट काळं होते. हे त पिवळं हाये! जुनी कलई झिजली, अन् सभेआधी गंज माह्याकडे आलाच नाही. कालेजात काय भजे तळून राहिली का तू?"

मी बोट फिरवलं. काळं झालं नाही. काठाखाली हिरवा थर होता. ताकाचं आम्ल आणि हवा उघड्या पितळेला लागली की त्यातलं तांबं सुटतं. मध्ये कथील असलं की सुटत नाही. परीक्षेत हे लिहून मी गुण मिळवले होते.

मी जाऊन विचारलं, तर भाऊंनी नाकारलंसुद्धा नाही. "गडबडीत गंज पाठवायचा राहिला. आता कबूल केलं तर लोक पांगतील. एका कलईवाल्यासाठी संघटना मोडू?"

"तोही हातानंच काम करतो ना, भाऊ? तुम्हीच शिकवलंत."

"लहान आहेस तू अजून," ते म्हणाले, आणि पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्राच्या खोलीची किल्ली खिशात टाकली.

त्या शब्दांनी जितकं लागलं, तितकं पुढे कुणाच्या शिव्यांनीही लागलं नाही. मी कार्बन कागद घालून खरं काय घडलं ते हातानं लिहिलं, चार-चार प्रती काढल्या, खाली स्वतःचं नाव लिहिलं. पहिल्याच घरच्या बाईनं कागद वाचला, उलटा करून पाहिला.

"मागचं बी तूच लिवलं होतं न वं? मंग यातलं खोटं कोणतं?"

"मागचं."

"छापलेलं खोटं, अन् हातानं लिवलेलं खरं!" शेजारणीला ऐकू जाईल एवढ्यानं ती हसली.

मी पुढच्या दाराची कडी वाजवली.