दादाच्या गाडीची तक्रार

तिच्या वर्कशॉपवर पाटी नव्हती. मोटरसायकलचा, खड्ड्यांचे धक्के झेलणारा शॉकअप बिघडला की कुणीही ‘शॉकवाल्या बाईंकडे जा’ म्हणून बोट दाखवी, आणि तरीही येणारा आत शिरून तिलाच विचारी, मिस्त्री कुठे आहेत? पान्यावरची नजर न उचलता ती म्हणे, जेवायला गेलेत, तोवर मी बघते. अशी कितीतरी गिऱ्हाइकं काम करून घेऊन गेली, पण मिस्त्री काही जेवून परत आले नाहीत.

इंजिनाला ती हात लावत नसे. इंजिन गाडी पळवतं, पण माणसाला गाडीवर टिकवतो तो शॉकअप, असं तिचं मत होतं. आणि तिचं मत बदलणं म्हणजे गंजलेला नट सोडवण्यापैकी काम. तिची रीत ठरलेली. गिऱ्हाइकाने गाडी चालवताना घालतो तेच जाकीट, तेच बूट घालून यायचं, आधी काट्यावर उभं राहायचं आणि मग गाडीवर बसायचं. तो बसल्यावर गाडी मागून किती खाली दबते ते ती टेपने मोजी आणि त्यावरून स्प्रिंग ठरवी. तोंडी सांगितलेल्या वजनावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. वय आणि वजन सांगताना माणसाचा हात नेहमी आखडतो, असं ती म्हणे.

त्या काट्यावर कधीच न चढलेला माणूस एकच, तिचा थोरला भाऊ. घरच्या माणसाचं काय वजन करायचं? दादा दाराएवढा, तो बसला की खुर्ची बोलायची. निवृत्त झाल्यावर त्याने परदेशी बनावटीची लालभडक स्पोर्ट्स बाइक घेतली तेव्हा वहिनी म्हणाली होती की आता गुडघ्याला तेल आणि टाकीत पेट्रोल एकाच वेळी घालावं लागणार. गाडी देखणी होती, पण दादाच्या भाराखाली मागून पार बसायची. म्हणून हिने मूळचा शॉकअप काढून शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला भारी शॉकअप लावला, जाड स्प्रिंगचा. वजन अंदाजाने धरलं आणि अंदाज अचूक निघाला. पहिल्या फेरीहून दादा परतला तो लग्न ठरल्यासारखा हसत.

वर्षभराने तीच गाडी घेऊन तो दारात उभा राहिला. गाडी मागून लाथा मारते म्हणाला, साधा खड्डा आला तरी कंबर मोडते. तुझा शॉकअप बिघडलाय.

त्यातला ‘तुझा’ तिला झोंबला. तिने शॉकअप काढला, उघडला, तेल बदललं, सील तपासली. सगळं ठाकठीक होतं. गाडी परत दिली, तर दुसऱ्या दिवशी दादा हजर, तक्रार तीच. तिने उसळी कमी-जास्त करणारा नॉब फिरवून बघितला, स्प्रिंग आवळून धरणारी रिंग सैल केली. फरक नाही. मग तिचं डोकं फिरलं. शॉकअप विकणाऱ्याला तिने फोनवर चांगलं फैलावर घेतलं, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. शेवटी दादाला म्हणाली, सगळा जामानिमा करून ये, मोजूनच बघते.

तो आला, गाडीवर बसला. तिने टेप लावली. गाडी जेमतेम दबली होती. टेप चुकली असेल म्हणून तिने पुन्हा मोजलं आणि मग पहिल्यांदा टेपवरची नजर उचलून भावाकडे बघितलं. पूर्वी पोटावर ज्या जाकिटाची चेन लागत नसे ते खांद्यावरून ओघळत होतं.

“दादा, उतर. काट्यावर ये.”

तो काहीतरी थट्टा करायला गेला, पण तिचं तोंड बघून उतरला. तिने काट्यावरचा आकडा वाचला. गेल्या वर्षी ती स्प्रिंग ज्या वजनाला चपखल बसली होती त्यापेक्षा दादा चौदा किलोंनी कमी भरला. जाड स्प्रिंग दाबायला तेवढा भारच उरला नव्हता, म्हणून गाडी लाथा मारत होती. परक्याला पहिल्याच दिवशी काट्यावर चढवणारी ती, सख्ख्या भावासाठी शॉकअप खोलत बसली होती. तिला स्वतःचीच चीड आली.

जेवण जात नाही, दादाने खाली बघत सांगितलं. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने पोट तपासायला हवं. त्या तपासणीला तो गेला नव्हता. घरी त्याने डाएट चालू आहे असं सांगितलं होतं आणि वहिनी शेजारीपाजारी त्याचं कौतुक करत होती.

“तू हलकी स्प्रिंग टाक,” तो म्हणाला. “एकदा घाटातून फिरून येतो. मग करतो ती तपासणी.”

हलकी स्प्रिंग मागच्या फळीवरच होती. तासाभराचं काम. पण ती टाकली की गाडी कुरकुरायची थांबणार, आणि मग दादाबद्दल तक्रार करणारं कुणीच उरणार नव्हतं.

“नाही टाकणार. तुमच्या घरात ही गाडी तेवढी खरं बोलतेय, तिचं तोंड मी बंद करणार नाही. आधी वहिनीला सांग, मग दवाखाना. तू नाही सांगितलंस तर मी सांगते.”

“आणि वाईट काही निघालं तर?”

ती म्हणाली, मलाही भीती वाटतेय. मग हात पुसून भर दुपारी तिने शटर ओढलं आणि आपली स्कूटर बाहेर काढली. दादाने सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. ती त्याला मागे बस म्हणाली.

पाय टेकवून, स्कूटर मागून दबेल याची वाट बघत ती थांबून राहिली.

“बसलास का?” तिने विचारलं.

“केव्हाच,” दादा म्हणाला.