दोन बाळं घेऊन श्रीवर्धनला

भुतंखेतं, आत्मे यांवर माझा कधी विश्वास नव्हता. वडील अंजूरला प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्याकडे कुणाच्या दंडाला साधा काळा दोरासुद्धा नसायचा. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण इतकी वर्षं मनात ठेवलंय, आता सांगून टाकते.

१९८८ चा मे महिना. आम्ही भिवंडीत राहायचो. मिस्टर लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारे. मोठी सुनीता चार वर्षांची, आणि तिच्या पाठीवर जुळे मुलगे, अमित आणि अजित. फेब्रुवारीत अमितला न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत संपलं सगळं. पाच महिन्यांचा होता.

मी कुणाशी त्याविषयी बोललेच नाही. "गेला" हा शब्द तोंडातून निघायचा नाही. अजितला पाजून झालं की सवयीने दुसऱ्या कुशीवर वळायचे... मग आठवायचं.

कारखान्याचे मालक युसूफभाई मिस्टरांना म्हणाले, "वहिनीला घेऊन आमच्या श्रीवर्धनच्या घरी जा. आठ दिवस पोरांना समुद्र दाखव. तिथं आमची फुफू एकटीच असते, तिलाही बरं वाटेल." फुफू म्हणजे त्यांची आत्या.

निघालो. थर्मास, दुधाच्या बाटल्या, लंगोटांची पिशवी, पेंगणारी सुनीता. पनवेलला बस बदलली. यांना मागे जागा मिळाली, सुनीता त्यांच्याकडे. मी पुढे अजितला घेऊन. शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या. गाडी सुटल्यावर म्हणाल्या, "दोघांना कसं गं सांभाळशील? एकाला दे माझ्याकडे."

दोघांना म्हणजे सुनीतालाही धरून म्हणत असतील, असं वाटलं. मी अजितला पुढे केलं.

"हा झोपलाय, असू दे. तो रडतोय ना, तो दे."

गाडीत कुणाचंच मूल रडत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं. त्या माणगावला उतरल्या.

श्रीवर्धनला फुफू दारातच उभ्या होत्या. "ये गो बाय," म्हणत त्यांनी अजितच्या गालावरून हात फिरवला, आणि मग माझ्या दुसऱ्या खांद्याजवळ, नुसत्या हवेत, तसाच हात फिरवला. आत दोन झोळ्या बांधलेल्या होत्या.

हे म्हणाले, "फुफूंना मोतीबिंदू आहे. जुळे झाले तेव्हा युसूफभाईंनी कळवलं असेल, पुढचं सांगायचं राहिलं असेल. मी सांगतो त्यांना."

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

खरं सांगायचं तर मला ते हवंसं वाटायला लागलं होतं. फुफू दोन वाट्यांत पेज काढायच्या. "दोघांना ऊन लागू देऊ नको," म्हणायच्या. मी "हो" म्हणायचे. फेब्रुवारीपासून माझ्या दोन मुलग्यांविषयी कुणी असं साधं बोललंच नव्हतं... सुनीताला एकदा हळूच विचारलं, "तुला बाळं किती दिसतात गं?" ती वेड्यासारखं बघत म्हणाली, "एकच आहे ना."

चौथ्या दिवशी दुपारी ओटीवर सुपारी कातरता कातरता फुफू म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मला दोघांतला फरकच कळंना. आता कळतो. एकाच्या डाव्या कानामागं तीळ हाय."

अजितला तीळ नाही. अमितला होता. हे मला, यांना आणि माझ्या आईला सोडून कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. ते उठले आणि घरामागच्या वाडीत गेले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा डोळे लाल होते. मोतीबिंदूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

उरलेले दिवस मी दुपारी आडवी झाले की दोन्ही बाजूंना जागा सोडायचे. डोळे मिटून पडायचे, हात लांब करून चाचपायचे. हाताला चटईच लागायची.

पुढच्या मे महिन्यात मी हट्टाने पुन्हा गेले. फुफूंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, स्वच्छ दिसत होतं. अजित एव्हाना धावत होता. फुफूंनी माझ्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं.

"एकालाच आणलंस? दुसरा कुठाय गो?"

आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, "अमित गेला, फुफू. गेल्या वर्षी फेब्रुवारीत."

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हंजे... तुम्ही आलाव त्याच्या आधी?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्या खाली बसल्या. मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि मी सव्वा वर्षाचं रडून घेतलं. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "बाय, तो तर आठी दिवस तुझा पदर धरून होता."

फुफू आता नाहीत. अजितला स्वतःची मुलं आहेत. डॉक्टरांना विचारून झालं, वडिलांना विचारून झालं, वडील फक्त म्हणाले, "मला माहीत नाही, पोरी." मलाही माहीत नाही. दोन परक्या बायकांना तो दिसला. मी आई, मला एकदाही नाही.